इब्रामपूरच्या लान्सरची आमोणें स्वारी

सेवेसी लेखकाची अर्जी ऐसीजे. पेडणें महालीं मौजे इब्रामपूर येथील राजमान्य राजश्री कृष्णनाथराव गवस, खाण कंपनीच्या वाहतूक खात्याचे माजी अंमलदार, यांनीं गणेशचवथीच्या आदले दिवशीं आपली लान्सर गाडी घेऊन डिचोली महालीं मौजे आमोणें येथें लेकीच्या सासरीं स्वारी केली. ते समयीं जें जें घडलें तें समक्ष पाहणारांस पुसून, पदरचें मीठ न घालितां लिहिलें असे. वाचणारांनीं मध्येंच हंसूं नये.

आधीं गाडीची हकीकत. त्या काळीं मुलुखांत सलून गाड्यांची एक अस्सल जात नांदत होती. लान्सर, एस्टीम, सिटी, ऑक्टाव्हिया ऐशीं मातबर घराणीं. चार दरवाजे, मागें बायकामुलें, डिकींत नारळ आणि लग्नाला न्यावयाचीं भांडीं, ऐसा संसारी थाट. आणि बॉनेटाखालीं ऐसें इंजिन कीं धारगळच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरांत पाय दाबिला असतां चार माणसांच्या पोशिंद्याचा चेहरा पंचवीस वर्षांच्या पोरासारखा होई. बाप जाहल्यावरही माणसानें वेगाची हौस बाळगावी, यास त्या काळीं मुभा होती. पुढें उंच गाड्यांचा अंमल आला. त्यांत बसलें म्हणजे माडीवर बसल्याचा भास होतो आणि वळणावर पोटांत ढवळतें, ऐसें कृष्णनाथरावांचें मत होतें, आणि लेखकाचेंही तेंच आहे.

राजश्रींनीं दोन हजार तीन सालीं लान्सर दारीं आणिली आणि ऐन उमेदींत म्हापशाच्या एका गॅरेजांत नेऊन तिच्या स्प्रिंगा दीड इंच कापून घेतल्या. हेतू हा कीं वळणावर गाडी रस्त्यास चिकटून राहावी. हेतू सिद्धीस गेला, परंतु गाडी ऐसी खालीं बसली कीं गतिरोधक आला म्हणजे पोट घासे. तेव्हांपासून घरचा दस्तूर पडला कीं गतिरोधकापाशीं सौभाग्यवती भाग्यलक्ष्मीबाई, चिरंजीव परेश आणि कन्या गौरवी यांनीं खालीं उतरावें, गाडीनें हलकें होऊन ओलांडावें, आणि मग पलीकडे सर्वांनीं पुन्हा बसावें. वीस वर्षें हा दस्तूर बिनतक्रार चालला. मुलांस तर पुष्कळ वर्षें वाटत होतें कीं सगळ्यांच्याच घरीं ऐसें करितात.

ऐसें असतां यंदा गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण नजीक आलें, आणि परेशरावांनीं भर जेवणांत मसलत मांडिली कीं आतां हिला भंगारांत द्यावी आणि उंच गाडी घ्यावी, आईचे गुडघे आतां उतरण्याचढण्याचे राहिले नाहींत. गुडघ्यांचा मुद्दा खरा होता, म्हणून राजश्रींनीं हातांतला घास ताटांत ठेविला. भाग्यलक्ष्मीबाई वाटींत सोलकढी वाढीत राहिल्या. अखेर बापलेकांत तह जाहला. गौरवीचें लग्न वैशाखांत आमोण्यास जाहलेलें. पहिल्या चवथीचें ओझें, म्हणजे माहेरचा फराळ आणि फळफळावळ, तिचे सासरीं पोंचवावयाचें होतें. तें लान्सरीनें न्यावें. वाटेंत गाडीचें पोट एकदांही रस्त्यास लागलें तर विसर्जनानंतर गाडी भंगारांत. न लागलें तर परेशरावांनीं हा विषय पुन्हा तोंडीं काढूं नये. निवाडा परेशरावांनींच करावा, कारण तो खोटें बोलणारा नव्हे, हें बापास ठाऊक होतें.

मग कूच जाहलें. रसद येणेंप्रमाणें: नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, एक हारा, लाडवांचा एक, खाज्यांचा एक, माटोळीस, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या छतास, बांधावयास नारळांचीं पोतीं, तवशीं म्हणजे काकड्या, आणि केळीचा घड. मागील आसनावर भाग्यलक्ष्मीबाई आणि राजश्रींच्या वडील भगिनी तारा आत्या, पुढें परेशराव. तारा आत्यांनीं निघतेवेळीं फर्मान काढिलें कीं लेकीचें ओझें एकदां घरांतून उचललें म्हणजे तिच्या उंबऱ्यापर्यंत भुईस टेकवावयाचें नाहीं. या फर्मानाचें गांभीर्य कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

चांदेलचा गतिरोधक दस्तुराप्रमाणें पार पडला. पुढें कासारपाळच्या वाटेवरचा गतिरोधक चढा. तेथें माणसें उतरलीं तरी डिकीच्या भारानें गाडी मागें वांकलेली, तेव्हां हारे काढणें आलें, आणि काढिले तर ठेवावयाचे कोठें? भुईस तर टेकवावयाचे नाहींत. मग उतरलेल्या तिघांनीं हारे डोईवर घेतले, घड परेशरावांनीं खांद्यावर घेतला, नारळांचीं पोतीं राजश्रींनीं आधींच एकेक करून वाहून पलीकडच्या दुकानाच्या बांकावर ठेविलीं, आणि गाडी रिकाम्या पोटानें ओलांडून गेली. ऐसें डिचोली शहर मागें पडेपर्यंत नऊ वेळां जाहलें. मागून येणाऱ्या बसांतील लोक खिडकींतून पाहत होते. भाग्यलक्ष्मीबाई चौथ्या वेळेपासून एक हात गुडघ्यावर ठेवून चालत होत्या, आणि तें आरशांत पाहून कृष्णनाथरावांच्या मनांत प्रथमच आलें कीं परेश म्हणतो तें वावगें नाहीं. परंतु निशाण उतरवावें ऐसें कांहीं तें नव्हतें.

मग आमोणें. येथील गतिरोधकाची कीर्ति वेगळी. गौरवीचे सासरे सगुणराव पंचायतीचे पंच. खनिजाचे ट्रक वाड्यांतून धांवतात म्हणून त्यांनींच तो उभारविला. पुढें ट्रक थांबले, गतिरोधक राहिला. उंची ऐसी कीं शेळ्या त्यावर बसून रवंथ करीत. फौज उतरली, हारे, घड आणि पोतीं देवळाच्या कट्ट्यावर गेलीं, आणि परेशरावांनीं गाल रस्त्यास लावून खालून पाहिलें. गाडी तिरकी धरिली तरी बोटभर कमी. मग राजश्रींस उतरून उभें राहण्यास सांगून पुन्हा पाहिलें, तो गाडी दोन बोटें वर उचललेली. राजश्रींचें वजन ब्याण्णव किलो.

परेशरावांचा आवाज पडला. त्यांस जिंकावयाचें होतें, पण ऐसें नव्हे. ते म्हणाले, "बाबा, तुमी बसल्यार लागतली."

एव्हांना दोन दुकानदार आणि देवळांतील मंडळी जमली होती. कोणी सुचविलें कीं ढकलूं या. राजश्रींनीं मान हालविली. पेडण्याहून म्हापशापर्यंत जिला कोणी ओव्हरटेक केलें नाहीं, ती गाडी लेकीच्या दारीं ढकलत न्यावयाची नाहीं. सगुणराव स्वतः धांवत आले आणि ओशाळून म्हणूं लागले कीं कुदळ मागवितों. तेंही राजश्रींनीं नाकारिलें. कट्ट्यावरचा नेवऱ्यांचा हारा पायीं न्यावयास डोईवर घेतलेला, घामानें सदरा भिजलेला, ऐसे ते आपल्या गाडीपाशीं उभे राहिले, आणि आपण हरलों हें कबूल करावयास त्यांनीं तोंड उघडलें.

तों सासरच्या वाटेनें गौरवी आली. हाताला माटोळीच्या रानफळांचा चीक, केस बांधलेले, वजन पन्नासाच्या आंत. तिनें गाडी पाहिली, भावाच्या गालाची माती पाहिली, बापाचा चेहरा पाहिला, आणि कोणासही कांहीं विचारिलें नाहीं. हात पुढें करून म्हणाली, "बाबा, चावी दियात. हांव व्हरतां."

वीस वर्षांत चालकाच्या आसनावर दुसरें कोणी बसलें नव्हतें. परेशरावांनीं मागितली तेव्हां नाहीं, मेकॅनिकासही नाहीं. गॅरेजांत स्वतः नेऊन स्वतः आणिली. गौरवी गाडी शिकली ती एका ड्रायव्हिंग शाळेच्या डबड्यांत. राजश्रींनीं एक हात हाऱ्यावर ठेवून दुसऱ्यानें खिशांतून चावी काढिली, आणि ती तिच्या हातावर ठेविली. म्हणाले, "सरळ घालूं नाका गो. तिरकी घाल. एकेक चाक."

"जाणां," ती म्हणाली. "मागें बसून कितलीं वर्सां पळयलां." पाहून पाहूनच शिकलेली ती.

मग तिनें आसन पुढें ओढिलें, गाडी तिरकी केली, आणि डावें पुढील चाक चढलें, मग उजवें, मग गाडी शिखरावर क्षणभर तोलली, आणि परेशराव रस्त्यावर पालथे पडून पाहत होते. मागील चाकें उतरलीं. परेशराव उठले, कपडे झाडिले, आणि चार माणसांत उंच आवाजानें निवाडा दिला: "लागली ना." म्हणजे पोट लागलें नाहीं.

गौरवीनें तेथें थांबावें ऐसा सर्वांचा समज होता. ती थांबली नाहीं. पुढें मांडवीच्या कांठाकडे रस्ता मोकळा होता. तिनें दुसरा गिअर टाकिला, मग तिसरा, आणि तिसऱ्यांत पाय दाबिला. तो आवाज शेतांवरून परतून आला, आधीं जाडा, मग वर चढत जाऊन ताणलेला. कृष्णनाथराव जागचे हालले नाहींत. आपली गाडी दुरून कशी ऐकूं येते हें त्यांस आजवर ठाऊकच नव्हतें, कारण ती धांवत असतां ते नेहमीं आंत होते. त्यांचे डोळे भरून आले. भाग्यलक्ष्मीबाईंनीं त्यांच्या डोईवरचा हारा काढून आपल्या डोईवर घेतला, आणि त्यांस नीट ऐकूं दिलें.

गौरवी नदीपर्यंत जाऊन परतली ती लालबुंद तोंडानें, आणि चावी परत देऊं लागली. राजश्रींनीं ती घेतली नाहीं. फर्माविलें कीं गाडी आतां आमोण्यास राहील, नूतनीकरणाचे कागद तिच्या नांवें होतील, आणि इब्रामपूरच्या घरीं आईच्या गुडघ्यांस सोसेल ऐसी दुसरी पाहिली जाईल, उंच असली तरी. परेशरावांनीं तह पाळिला, आणि नारळांचें पोतें खांद्यावर घेतलें.

येणेंप्रमाणें आमोणें स्वारी चवथीच्या आदले दिवशीं, दोन प्रहरीं, फत्ते जाहली. ओझें भुईस न टेकतां लेकीच्या उंबऱ्यास पावलें. गाडीच्या पोटास ओरखडा नाहीं. नेवऱ्या तीन फुटल्या, त्या तारा आत्यांनीं जागीच खाल्ल्या. गाडी लेकीच्या ठाण्यांत राहिली, आणि स्वारीचे सरदार राजश्री कृष्णनाथराव संध्याकाळच्या बसनें मंडळीसह, खिडकीपाशीं बसून, इब्रामपुरास परत निघाले. बस गतिरोधकावरून गेली तेव्हां उतरावयास म्हणून ते आपसूक उभे राहिले, आणि मग पुन्हा बसले.