स्कूटरचे जाहीर आभार

गाडी गल्लीतून जाणार म्हणजे जाणार, असं चांदणी भोईरनं अख्ख्या राई गावाला सांगून ठेवलं होतं. या ठामपणाला आधार होता तिच्या बाबांचा. भूपेश भोईरांची उभी हयात मुंबईत बस चालवण्यात गेली होती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि निकाल दिला, "जाते. वर बोटभर जागा उरते." ज्या माणसानं गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारातून बस काढली, त्याच्या शब्दावर पोरीनं विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं?

पण गाडी त्या चिंचोळ्या गल्लीत न्यायचीच कशाला, हे आधी सांगायला हवं.

चांदणी डावखुरी वेगवान गोलंदाज. वय वीस. महिलांच्या एका मोठ्या लीगच्या लिलावात तिच्यावर बोली लागली आणि चढत चढत इतकी चढली, की तिच्या आईनं, सावित्रीनं, उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. शेजाऱ्यांना आकडा ऐकू जायला नको! शेजारी आपापल्या टीव्हीवर तोच आकडा बघत होते, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून घरात सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. मामा म्हणाला, वरसाव्याला प्लॉट घे. बँकेतल्या मॅडम पेढे घेऊन आल्या आणि पेढ्यांच्या बॉक्सखालून त्यांनी एफडीचा फॉर्म काढला. आई म्हणाली, "फ्लॅट घे गो, टॉवरमदी. पोरीच्या नावावर घर असलं की सासरचे पन आवाज चढवून बोलत न्हाईत." चांदणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पैसे माझे, पहिली खरेदी माझ्या मनाची. मग तुमचे प्लॉट न् फ्लॅट."

ही खरेदी करायची वेळ तिच्यावर तिच्याच तोंडानं आणली होती. लिलावाच्या संध्याकाळी एका बड्या चॅनेलनं तिची मुलाखत घेतली. यशाचं श्रेय कुणाला, असा प्रश्न आला. डोळ्यांवर लखलखीत दिवा, समोर कॅमेरा. तरी चांदणीनं सगळ्यांचे आभार मानले. आईचे, बाबांचे, सरांचे, घोटा बरा करणाऱ्या डॉक्टरांचे. "आणि आमची स्कूटर," ती म्हणाली. "ती स्कूटर नसती तर मी आज इथे नसते."

ती स्कूटर रोज पहाटे चालवणारा माणूस, म्हणजे तिचा धाकटा काका अमृत, नवा शर्ट घालून टीव्हीसमोर बसला होता. त्याच्या हातातला पेढा हातातच राहिला.

सकाळी शेजारच्या ईश्वरनं त्या स्कूटरला हार घातला. ईश्वर आणि अमृत यांचं गटाराच्या पाण्यावरून फार जुनं वाकडं होतं. ही संधी तो सोडतोय कशाला? येता-जाता तो स्कूटरला हात जोडायचा आणि म्हणायचा, "अमृत, जरा बाजूला हो. दर्शन घेऊ दे." काकानं स्कूटरवर ताडपत्री टाकली आणि चांदणीशी बोलणं बंद केलं. जेवायलासुद्धा तिच्याकडे पाठ करून बसायला लागला.

सोमवारी तिला टीमच्या कॅम्पला बंगळुरूला जायचं होतं. ज्यानं लहानपणापासून मैदानावर नेलं-आणलं, तो एक शब्द न बोलता आपल्याला निरोप देणार, ही गोष्ट चांदणीच्या घशाखाली उतरत नव्हती. तिनं काकाच्या नावावर गाडी घेतली. पांढरी शुभ्र, सात माणसांची.

"नको मना," काका भिंतीकडे बघत म्हणाला. "स्कूटरला दे."

पण दुपारी त्यानं वहिनीमार्फत निरोप धाडला. गाडी घेतो, पण एक अट. राईत नवीन गाडी आली की पहिली गावदेवीला नेतात. आधी बैलगाड्या नेल्या, मग रिक्षा नेल्या. तशी हीसुद्धा जाईल, पण आपल्या गल्लीतून. देवळापर्यंत चांगला रुंद डांबरी रस्ता होता. त्या रस्त्यावर ईश्वरचं दार नव्हतं, एवढीच काय ती त्याची चूक.

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. बेंजोवाले मागं, बाबा पुढं. चांदणी स्टेअरिंगवर, कारण काकाला गाडी येत नव्हती. शेजारी काका फेटा बांधून, शाल पांघरून, नाकासमोर बघत बसलेला. एका बाजूला टॉवरची कंपाउंड वॉल, दुसऱ्या बाजूला घरांचे ओटे. बाबा उलटे चालत हात हलवत होते. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मग कर्रकन आवाज झाला आणि बाबांचा हात हवेतच थांबला.

"बोटभर उरते म्हणालेलात ना?" चांदणीनं काचेतून विचारलं.

"उरली असती. ओटा वाढलाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी काकाकडे बघितलं.

ओटा काकाचाच होता. ईश्वरनं आपला ओटा चार बोटं पुढं घेतला म्हणून काकानं आपला सहा बोटं घेतला होता, वर काळा कडप्पा बसवून. त्या कडप्प्याची कड आता नव्या गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यात रुतली होती. उजवं दार भिंतीला चिकटलं होतं, डावं ओट्याला.

"मागं घे," बाबा म्हणाले.

"देवीला निघालेली गाडी मागं घेत नसतात," काका काचेला उद्देशून बोलला. असा नियम राईत कुणी कधी ऐकला नव्हता. पण फेटा बांधलेल्या माणसाला कोण सांगणार?

"मग डिकीतनं उतर."

"मी डिकीतनं उतरनारा मानूस न्हाय."

"बरं, ओटा फोडू या."

"ओट्याला हात लावायचा न्हाय."

सावित्री ओट्यावर येऊन उभी राहिली. तिनं खिडकीतून आत चहाचा कप दिला. "ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली. "तसा पन रोज सांजचा इथंच बसतो."

पुढच्या घराच्या ओट्यावर ईश्वर हाताची घडी घालून उभा होता. एवढी करमणूक त्याला फुकटात आजवर मिळाली नव्हती. "अमृत, एसी लाव," तो ओरडला. "लाइट बिल मी भरतो."

चांदणीनं इंजिन बंद केलं. "काका उतरत नाही, तर मीपण उतरत नाही," तिनं जाहीर केलं. आई म्हणाली, उद्या तुझं विमान आहे. चांदणी म्हणाली, असू दे. बेंजोवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि वडापाव मागवले. गाडीत दोघं शेजारी शेजारी बसले, दोघांच्या हनुवट्या सारख्याच वर, आणि एकमेकांकडे कुणीच बघेना.

तेवढ्यात यतीन आला. हा भाईंदरचा पोरगा मोबाइलवर लोकल बातम्यांचं चॅनेल चालवायचा. तो थेट कंपाउंड वॉलवर चढला आणि त्यानं काठीला लावलेला मोबाइल खिडकीपाशी सोडला. "चांदणीताई, आपण लाइव्ह आहोत. गाडी अडकली आहे, काय भावना आहेत?"

चांदणीनं मोबाइलकडे बघितलं, मग काकाकडे.

"त्या दिवशी मी टीव्हीवर स्कूटरचं नाव घेतलं," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण रोज मागं बसून मला काकाची पाठच दिसायची. पाठीला काय नाव असतं, सांगा? माणसाला नाव असतं. याचं नाव अमृत भोईर. मी दहा वर्षांची असताना एका मैदानावरच्या वॉचमननं सांगितलं, मुलींना आत सोडत नाही. यानं गेटमध्ये स्कूटर आडवी लावली आणि वर बसून राहिला. मुलांच्या गाड्या मागं खोळंबल्या, पोलीस बोलवतो म्हणाले, तरी उठला नाही. शेवटी त्यांनी मला आत घेतलं. मला बॉलिंग सरांनी शिकवली. हटायचं नाही, हे यानं शिकवलं. आत्तापण बघा, हटतोय का."

काकानं शालीच्या टोकानं डोळे पुसले. मग यतीनला विचारलं, "किती लोक बघतात?"

"आठशे, काका." त्यातले निम्मे तर गल्लीतच उभे होते, पण हे यतीननं सांगितलं नाही.

काकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फोडा रे ओटा."

पहार आली. पहिला घाव बाबांनी घातला, कारण बोटाचा हिशोब त्यांचाच चुकला होता. कडप्प्याचे तुकडे पडले तशी सावित्री हळहळली, पण तिनंच ते पटापट बाजूला केले. गाडी सुटली. बेंजो वाजायला लागला.

"क्लच हळू सोड, पोरी," काका म्हणाला.

इतक्या दिवसांत त्यानं तिला मारलेली ती पहिली हाक. चांदणीचे डोळे भरून आले. गाडी तेवढ्यात बंद पडता पडता राहिली आणि झोकात पुढं गेली. मग पुन्हा कर्रकन आवाज झाला.

आता ईश्वरचा ओटा होता. आणि ईश्वर त्याच्यावर मांडी घालून बसला होता.

"माझ्या ओट्याला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. मग त्यानं यतीनच्या मोबाइलकडे बघून केसांवरून हात फिरवला. "आधी माझं पन नाव घ्या. हिचे बॉल कोनाच्या कौलांवर पडायचे? माझ्या. मी परत दिले म्हनून ही शिकली."

"दोन ठेवून घेतलेस," काका आतून गरजला.

"बाकीचे दिले ना?"

काकानं मागं-पुढं बघितलं. मागं फुटलेला ओटा, पुढं देवी, बाजूला ईश्वर. शेवटी तो चांदणीकडे वळला. "घे त्याचं नाव," तो म्हणाला. "पन माझ्यामागं घे. लई मागं."

चांदणीनं मान बाहेर काढून पुढं बघितलं. देवळापर्यंतच्या प्रत्येक ओट्यावर माणसं येऊन उभी राहिली होती. काहींनी घाईघाईनं शर्टही बदलले होते.

"यतीन," तिनं हळूच विचारलं, "बॅटरी किती आहे?"

"बारा टक्के," यतीन गल्लीवरून नजर फिरवत म्हणाला. "ताई, थोडक्यात आटपा."