आत्याचा उजवा गुडघा

आमच्या कमलआत्याचा उजवा गुडघा अगदी ठणठणीत होता. पण हडपसरच्या तिच्या वस्तीत नवा डॉक्टर आला, की तो न चुकता दुखायचा. आत्या भिंत धरत, "आई गं, आई गं" करत दवाखान्यात शिरायची आणि दहा मिनिटांनी तरातरा चालत बाहेर यायची. नळावर बायका निकालासाठी थांबलेल्याच असत.

परीक्षेला प्रश्न तीनच. बसा म्हणाला का? गुडघ्याला हात लावला का? जेवलात का, असं विचारलं का? औषधाला मार्क नव्हते. "गोळी काय, सगळीकडं पांढरीच असती," असं तिचं मत. भिंतभर पदव्या लावलेले एक डॉक्टर तिच्या हातून नापास झाले आणि दोन महिन्यांत गाशा गुंडाळून गेले. उलट एका कंपाउंडरनं गुडघा दाबता दाबता तिच्या माहेरची चौकशी केली, तो पहिल्या वर्गात पास! सगळी वस्ती ताप-खोकला घेऊन त्याच्याकडे.

पुढे एका ट्रस्टनं वस्तीत मोफत दवाखाना काढला आणि समितीवर मला घेतलं. मी आयटी कंपनीत होतो, एवढीच माझी लायकी. तिथे मी काय करतो हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खुर्च्या, पंखे आणि कँटीनचा चहा माझ्याकडे होता. कॉम्प्युटरशी संबंध म्हणाल, तर त्यांच्यावरची कापडं दर शनिवारी धुवायला पाठवायचो.

तरी रुबाब म्हणून मी कंपनीतला एक जुना कॉम्प्युटर दवाखान्याला मिळवून दिला. प्लग मागच्या भिंतीला होता, म्हणून टेबलही मागच्या भिंतीला लागलं. डॉक्टर नुकताच शिकून आलेला, लाजाळू, गुणी माणूस. तो पेशंटकडे पाठ करून टाइप करायला लागला.

आत्या पहिल्याच दिवशी लंगडत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "नापास."

"का गं आत्या? किती हुशार आहेत ते!"

"पाठ दाखवतोय. पाठ रिक्षावाला बी दाखवतो, पण तो निदान आरशात तरी बघतो."

मी हसलो. कँटीनमध्ये हा किस्सा मी चहाबरोबर किती जणांना ऐकवला असेल! इकडे गर्दी ओसरली. बायका पुन्हा दोन गल्ल्या सोडून, कशालाही सुई टोचणाऱ्या माणसाकडे जायला लागल्या. समितीत कुरबुर सुरू झाली, तेव्हा मी एक छापील फॉर्म काढला. 'आपण सेवेबाबत समाधानी आहात काय?' घरोघर हिंडलो. झाडून सगळ्यांनी 'होय'वर खूण केली. मी खूश.

"अरे सुध्या," आत्या म्हणाली, "इन केलेला शर्ट घालून तू दारात उभा. तुला तोंडावर 'न्हाई' कोण म्हणंल?"

"मग त्यांना हवंय तरी काय?"

"धा ते एक दवाखाना. तवा बाया तुमच्याच हापिसांच्या फरश्या पुसत असत्यात. संध्याकाळी उघड. अन् ते टेबल फिरव."

"अगं, प्लग तिकडे आहे."

"म्हंजी दवाखाना प्लगच्या मर्जीनं चालवायचा व्हय?"

मी पुन्हा हसलो. दहा फूट वायर आणली असती तर काम झालं असतं. पण दहा फूट वायर हा काही मीटिंगमध्ये मांडण्याजोगा विषय वाटला नाही. मी महिन्यांची हजेरी जोडून छान अहवाल लिहिला. 'वस्तीला या सेवेची गरज दिसत नाही.' भाषा इतकी नेटकी, की अध्यक्षांनी पाठ थोपटली. दवाखाना बंद झाला.

कॉम्प्युटर परत न्यायला मीच गेलो. डॉक्टर म्हणाले, "नेण्याआधी एकदा बघा ना सर, सगळं नीट भरलंय." इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेलं होतं. अहवालासाठी मी फक्त शेवटची बेरीज घेतली होती. आज ओळी वाचल्या. शेवटच्या दोन महिन्यांत बहुतेक दिवशी एकच नाव. कमल. गुडघा. दुसऱ्या दिवशी कान. मग केस गळतात. मग पाय थंड.

"यांना काहीच झालेलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "विचारलं तर म्हणायच्या, आकडा खाली गेला तर कुलूप लावतील, तुम्ही माझं नाव लिवा, मी कायतरी सांगते. मग सांगता सांगता त्या बसूनच राहायच्या. बाहेर कुणी नसायचंच."

शेवटची नोंद अशी होती: घरात बोलायला माणूस नाही. त्यापुढे औषधाच्या रकान्यात: ताकदीच्या गोळ्या, दिवसातून दोनदा.

आत्याचे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. माझं घर तिथून स्कूटरवर दहा मिनिटं. दवाखान्याच्या कामानं मी आठवड्यातून दोनदा वस्तीत यायचो आणि आत्याला रस्त्यावरच भेटून निघायचो.

त्या दिवशी मी तिच्या दारात गेलो. तिनं स्टूल पुढे सरकवलं, चहा टाकला. मला तिला विचारायचं होतं. काय विचारायचं ते जुळेना. "बरी आहेस ना?" एवढंच निघालं.

"मला काय झालंय?" ती म्हणाली. मग पातेल्यातला चहा ढवळत सांगायला लागली, शेजारची पोरगी बाळंत झाली त्याचं, विहारातल्या नव्या चटयांचं. ऐकता ऐकता माझी नजर मनगटावर गेली. चारला कंपनीत पाहुणे यायचे होते. मी लगेच वर बघितलं, पण तिनं पाहिलं होतं. गोष्ट तिथेच थांबली.

"जा बाबा," ती कप पुसत म्हणाली. "बाहेर नंबर लागले असतील तुझे."

बाहेर फक्त माझी स्कूटर उभी होती.