नदीतील अनधिकृत रहिवासी

नंदीश हिरेमठ सरकारी खर्चानं जंतू पोसत असे. सोलापूरच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शहराची घाण टाक्यांत येई. टाक्यांतले जंतू ती खात, नंदीश त्यांना पंपानं हवा पुरवी, आणि निवळलेलं पाणी नदीत सुटे. जंतू कायम होते. नंदीश हंगामी होता.

"पाहणी समिती येतेय," केंद्राचे प्रमुख ढवळेसाहेब म्हणाले. "सोडलेल्या पाण्यात एकही जंतू दिसला नाही, तर तुमची कायमची ऑर्डर काढतो."

नंदीशनं दुप्पट क्लोरीन सोडलं. समितीला जंतू सापडला नाही. पण सदस्य कामसू निघाले. त्यांनी थोडं पुढं जाऊन नदीचंही पाणी तपासलं. तिथं तर जंतूंची गड्डा जत्रा भरलेली!

"म्हणजे नदी आपलं शुद्ध पाणी घाण करते," साहेबांनी निष्कर्ष काढला.

"साहेब, ते नदीचेच हायेत की. मूळचे."

"कुठं नोंद आहे?"

नोंद नव्हती. जंतू अनधिकृत ठरले. नदीच्या नावे नोटीस निघाली, पुलाच्या खांबाला डकवली गेली, आणि मुदतीत खुलासा न आल्यामुळे वरच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा बांध घालून नदी अडवण्यात आली. आता पात्रात फक्त केंद्राचं पाणी. काठावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत. जंतू शून्य. नंदीशची ऑर्डर निघाली, आणि त्याची बायको महादेवी हिनं गल्लीभर शेंगापोळ्या वाटल्या.

मग लोकांच्या ध्यानात आलं, की पुलावरून सोडलेलं निर्माल्य कुजत नाही. झेंडूच्या माळा, बेल, केळीची पानं, सगळं जसंच्या तसं. आधी तो चमत्कार वाटला. हार घेऊन गर्दी लोटली. ढीग पुलाला टेकला, तेव्हा वर्तमानपत्रात आलं : 'नदी काम करत नाही.'

"जंतूंना ताबडतोब हजर करा," साहेब कडाडले.

"मेले की हो साहेब ते."

"मग टाकीतले सोडा!"

क्लोरीन आवरून टाकीतले सोडले. पण त्यांना पंपाची हवा आणि दारात येणारं जेवण अंगवळणी पडलेलं. नदीत नुसता वास सुटला.

घरी महादेवी दही लावत होती. "इतकं काय विचार करालाव?"

त्यानं सांगितलं. ती हसली. "आपलं विरजण संपलं की शेजारच्या काशम्माकडनं आणतोय न्हवं? नदीचं विरजण बांधाच्या वर बसलंय. तेवढं येऊ द्या की खाली."

"तपासणीत जंतू सापडतील. ऑर्डर रद्द हुईल."

महादेवीचा चमचा थांबला. शेंगापोळ्या वाटून झाल्या होत्या. "हंगामी होता तवाच तर लगीन केलतं तुमच्याशी," ती हळूच म्हणाली.

सकाळी नंदीशनं पोती ओढली. गढूळ, जितंजागतं पाणी खाली आलं, निर्माल्य कुजू लागलं. पुढच्या तपासणीत जंतू सापडले, आणि नंदीश पुन्हा हंगामी झाला.

त्याच आठवड्यात पुलावर 'नदी जंतुमुक्त करा' या अर्जावर सह्या घेत होते. एका सभ्य गृहस्थांनी झोकदार सही केली, पेन परत दिलं, गाडीतून निर्माल्याची पिशवी काढली, प्लास्टिकसकट खाली सोडली आणि हात जोडले. त्यांच्यामागं रांगेत आपण सगळे होतोच. प्रत्येकाच्या हातात पिशवी.

खाली, कुठंच नोंद नसलेल्यांनी मुकाट कामाला सुरुवात केली. पिशव्या तेवढ्या त्यांनी तुमच्याआमच्यासाठी ठेवल्या.