खोली नंबर सातचा कायमचा रहिवासी

रोज सकाळी सातच्या ठोक्याला शेवंताक्का आमच्या चाळीतल्या सात नंबरच्या खोलीचं कुलूप उघडायची, आत शिरायची आणि रिकाम्या खाटेला झाडायला सुरुवात करायची. "ऊठ मेल्या! सूर्य डोक्यार इलो तरी लोळतस? चाळीतली सगळी माणसां कामाक गेली!" खाट अर्थातच उठायची नाही. मग आक्काचा पारा आणखी चढायचा. हे एकतर्फी भांडण इतकं रंगायचं की चाळीत नव्याने आलेल्या एका सुनेने पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला विचारलं, "सात नंबरवाले भाऊजी इतके आळशी कसे हो?" नवरा म्हणाला, अगं, ते तर गेली आठ वर्षं मस्कतला असतात. झालं. बिचारीने नळावर हे आक्काजवळ बोलून दाखवलं. पुढचे पंधरा दिवस तिला नळावर नंबर मिळाला नाही.

ही आमची अंधेरी पूर्वेची चाळ. खोल्या चोवीस. तेवीस बिऱ्हाडं मालवणकडची आणि मी एकटा घाटावरचा, साताऱ्याचा, खोली नंबर आठ. आक्का राहायची तीन नंबरात. वय पंचावन्न, उंची पावणेपाच फूट आणि आवाज विलेपार्ल्यापर्यंत. नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला, तेव्हापासून ती खानावळ चालवायची आणि चाळीतले आम्ही सगळे सडेफटिंग तिच्याकडे जेवायचो. तिच्या मनात तुमची किंमत काय, हे ताटात बघून कळायचं. सुरमईचा मधला तुकडा आला तर माणूस चांगला. शेपटी आली तर कालपरवा काहीतरी वावगं बोललात. आणि नुसतं कालवण आलं तर समजावं, आता साक्षात परमेश्वर मध्ये पडला तरी आठवडाभर मासा नाही.

सात नंबर तिच्या धाकट्या भावाचा, यशवंतचा. आईबाप लवकर गेले, पोराला हिनेच वाढवलं. बापाच्या मागे खोलीची भाडेपावती यशवंतच्या नावावर झाली. पोरगा एसी दुरुस्त करायला शिकला आणि मस्कतला गेला. पहिली काही वर्षं दर दोन वर्षांनी महिनाभर यायचा. येताना अत्तराच्या इतक्या बाटल्या आणायचा की महिनाभर आमच्या चाळीच्या संडासालासुद्धा गुलाबाचा वास यायचा. मग यायचा थांबला. एक गणपती गेला, दोन गेले, तीन गेले.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या मालकाला, शेठला, चाळीच्या जागी सहामजली बिल्डिंग दिसू लागली. त्याने आपल्या दिवाणजींना पाठवलं. दिवाणजी म्हणजे पांढरं धोतर, काळी छत्री आणि गोड बोलून गळा कापणारी जीभ.

"आक्का, कायदा आहे," ते म्हणाले. "सहा महिने जागा वापरली नाही तर भाडेकरूचा हक्क संपतो. यशवंत काही इथे राहत नाही."

"रवता म्हणजे रवता!" आक्का गरजली. समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले ते थेट वाकोल्याला जाऊन बसले. "जन्मलो हय, वाढलो हय, बापूस ह्याच खोलीत गेलो. माणूस पोटासाठी भायर गेलो म्हणान बिऱ्हाड जाता काय?"

"पण कायदा..."

"कायदो माका शिकवतस? तुज्या शेठान माथेरानाक बंगलो बांधलोहा. वर्षाचे अकरा महिने थंय माकडां रवतत. तो बंगलो माकडांच्या नावार केलास काय?"

दिवाणजी छत्री विसरून गेले. पण महिनाभरात कोर्टाचा कागद आला. आक्काने वकील गाठला. तो बिचारा एवढंच म्हणाला की खोलीचा वापर दिसला पाहिजे. दुसरी कुणी असती तर जाऊन तिथे चार दिवस झोपली असती. आक्काला ते पटेना. तिच्या मते खोली वापरणारा यशवंत होता आणि म्हणून वापर यशवंतचाच दिसायला हवा होता. आणि मग पुढची दोन वर्षं त्या रिकाम्या खोलीत जेवढं जगणं झालं, तेवढं माझ्या भरल्या खोलीत झालं नाही.

सात नंबरात दिवा रोज जळायचा, पंखा फिरायचा. विजेच्या बिलात वापर दिसावा म्हणून ती रोज तासभर इस्त्री तापवत ठेवायची. मीटरची चकती अशी गरगरायची की उन्हाळ्यात आम्ही वाऱ्याला तिच्याजवळ उभे राहायचो. दाराबाहेर यशवंतच्या चपला असायच्या. सकाळी त्यांची तोंडं बाहेर, संध्याकाळी आत. त्याचा एक निळा शर्ट रोज धुऊन दोरीवर पडायचा. अंगात एकदाही न जाता नुसता धुऊन धुऊन फाटलेला तो जगातला पहिला शर्ट असेल. कॉलर गेली, बाह्या गेल्या, शेवटी दोरीवर चार बटणं आणि आक्काची जिद्द एवढंच वाळत होतं.

शेजारी राहण्याचं प्रायश्चित्त म्हणून माझ्याकडे खोकला आला. दिवाणजी गॅलरीत दिसले की मी मागच्या खिडकीतून सात नंबरात उतरायचं आणि दार लावून यशवंतचा खोकला काढायचा. मी जीव तोडून खोकायचो आणि आक्का जेवताना चुका काढायची.

"तुजो खोकलो घाटी आसा."

"आक्का, खोकल्याला कसली आली गं जात?"

"आसता! यशवंताचो कसो सुको, बारीक. तू म्हणजे रेडो अडकलो मातयेत." आणि शेपटीचा तुकडा.

एकदा रेशनिंगचा इन्स्पेक्टर आला. कार्डावर नाव आहे, माणूस दाखवा म्हणाला. आक्का म्हणाली, आंघोळीला गेलाय. तोही वस्ताद निघाला, खुर्ची मागून बसला. मी कॉमन मोरीत दार लावून तांब्याने पाणी ओततोय. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तो काही उठेना. माझ्या बोटांच्या मनुका झाल्या, दात वाजू लागले, चाळीचं दिवसाचं पाणी संपलं. बाहेर आक्का त्याला सांगत होती, "लहानपणापासून स्वच्छतेची भारी आवड त्याला." शेवटी पावणेदोन तासांनी इन्स्पेक्टर हात जोडून गेला. मला आठ दिवस ताप. आक्का पेज घेऊन आली, माझा खोकला कान देऊन ऐकला आणि पहिल्यांदाच खूश झाली. "आता जमला बघ!"

पण शेठचा वकीलही काही पोळ्या लाटत बसला नव्हता. कोर्टाने ठरवलं की एक कमिशनर येईल, खोली डोळ्यांनी बघेल आणि अहवाल देईल. शेठच्या वकिलाने तारीख मागून घेतली ती गणपतीच्या तिसऱ्या दिवसाची. यातला डाव कोकणातल्या माणसालाच कळेल. गणपतीत आमची चाळ म्हणजे ओस पडलेलं गाव. दारोदार कुलुपं, गॅलरीत मांजरसुद्धा नाही. आक्काच्या बाजूने बोलायला चाळीत उरलं कोण, तर घाटावरचा मी. जन्मात पहिल्यांदा आक्का गावाला गेली नाही. चुलत्यांना निरोप धाडला आणि आकाशाकडे बघून बाप्पालाही दम भरला, "औंदा माका येवक जमाचा नाय. भेटाचा आसात तर तूच हय ये!"

त्या सकाळी तिने खोली अशी मांडली की यशवंत स्वतः आला असता तर दारावर टकटक करून विचारता झाला असता, कोण राहतं इथे? खाटेवरची चादर चुरगळलेली. दोरीवर ओला पंचा. आरशापुढे साबणाच्या फेसासकट रेझर, आणि तो फेस माझ्या गालावरचा. तिपाईवर अर्धा कप चहा, वाफ येणारा. तो गार व्हायला लागला की आक्का बदलायची. असे सात कप झाले.

कमिशनर आले ते घामाघूम, पन्नाशीचे, सावंत नावाचे वकील. मागे दात काढत दिवाणजी. सावंत दारातूनच कडाडले, "चतुर्थीचा तिसरा दिवस! घरी गणपती बसलाय, भाऊ आरत्या करतायत, आणि मी इथे लोकांच्या खाटा बघतोय! ही तारीख मागितली कोणी?" दिवाणजींचे दात आत गेले.

सावंतांनी खाट पाहिली, पंचा चाचपला, फेसात बोट घातलं, कपावरची वाफ पाहिली.

"माणूस कुठाय?"

"नाक्यावर गेलाय. पेपर आणायला," आक्का म्हणाली.

"गाव कुठलं तुमचं?"

"कुडाळाकडचं."

"घरी गणपती असतो?"

"आसता म्हणजे! पाच दिवसांचो!" अभिमानाने आक्काची मालवणी सुटली.

सावंतांनी चष्मा काढला. "बाई, घरात पाच दिवसांचा गणपती. सगळी चाळ कुलुपं लावून गेलेली. आणि कुडाळचा माणूस तिसऱ्या दिवशी अंधेरीच्या नाक्यावर पेपर आणतोय? हे कोणाला सांगताय? मला?"

मी खाली बघायला लागलो. दोन वर्षं! चपला, शर्ट, इस्त्री, माझा खोकला, माझा ताप! मी घाटावरचा, माझ्या ध्यानात आलं नाही हे समजू शकतं. पण आक्काच्या? भाऊ इथेच आहे हे दाखवण्याच्या नादात ती साफ विसरली की यशवंत खरंच इथे राहत असता, तर त्या दिवशी इथे नसता.

दिवाणजी खो खो हसले. सावंत त्यांच्यावर वळले. "हसू नका! जा, किती खोल्यांना कुलूप आहे ते मोजून या. अहवालात लागेल मला." दिवाणजी गेले. सावंत खुर्ची ओढून बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आक्का, खरां सांग. खंय आसा तो?"

मला वाटलं, आता कावळे उडणार. पण आक्का खाटेवर टेकली आणि ती चुरगळलेली चादर हाताने सरळ करायला लागली.

"ठावक नाय," ती म्हणाली. "चवदा म्हयने झाले. कंपनी सोडतंय, नवो पत्तो कळवतंय, तोपर्यंत खोली सांभाळ, असा लिवलेल्यान. मगे काय नाय. मी लिवतलंय तरी खंय?"

सावंतांनी हातातला कागद खाली ठेवला.

"थंय आठ वर्सां राबलो. पण ते म्हणतत, तू परको, कागद संपलो की चालू पड. हय हे म्हणतत, तो हय रवणाच नाय. मगे तो रवता तरी खंय, वकीलसाहेब? खंय तरी रवाक होयो ना माणूस?"

दोन वर्षं मी भिंतीपलीकडे राहत होतो, तिच्या हातचं जेवत होतो. मला वाटायचं, ही बाई दहा बाय बाराच्या खोलीसाठी भांडतेय.

सावंतांनी तिपाईवरचा कप उचलला आणि पुराव्यातला चहा एका दमात पिऊन टाकला. मग पंच्याला फेसाचं बोट पुसून लिहायला बसले. दिवाणजी धापा टाकत आले, "एकवीस कुलुपं, साहेब!"

"छान." सावंतांनी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "खोलीत खाट, कपडे, दाढीचं सामान, भांडी आहेत. खोली वापरात दिसते. चाळीतील चोवीसपैकी एकवीस खोल्यांचे भाडेकरू गणपतीनिमित्त गावी गेले आहेत. खोली क्रमांक सातचा भाडेकरूही हजर नव्हता. तोही गावी गेला असावा."

"साहेब, तो मस्कतला असतो!" दिवाणजी किंचाळले. "आणि तो गरम चहा?"

"कुठला चहा?" सावंतांनी रिकामा कप उलटा करून दाखवला. मग ते असे उसळले की आक्कासुद्धा दचकली. "गणपतीत कोकणातला माणूस कुठे असतो ते तुम्ही मला शिकवता? मीच एक अभागी तो मुंबईत आहे, आणि तोही तुमच्या शेठच्या कृपेने!"

ते गेल्यावर आक्काने मला विचारलं, "काय लिवल्यान म्हणालो तो?"

"तोही गावी गेला असावा."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने मान हलवली. त्या दुपारी मला सुरमईचे मधले दोन तुकडे आले आणि तिने स्वतः काही खाल्लं नाही.

विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी चाळ परतायला लागली. ट्रंका, बोचकी, नारळाची पोती, पेंगुळलेली पोरं. आक्का सकाळपासून गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. एकेक कुलूप उघडत होतं, प्रत्येकाला ती वरूनच ओरडून विचारत होती, गाडीत आपल्याकडचं आणखी कोण होतं? दुपार झाली, चुलीवर काही नव्हतं, आम्ही दहा जण ताटं घेऊन बसलेलो. चार वाजता एकविसावं कुलूप उघडलं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आक्का, चल आत. आले सगळे."

ती अशी भडकली माझ्यावर. "सगळे? सगळे खंय इले मेल्या? गाडयो अजून येतत!"