रेशनवरच्या गोळ्या

पंगतीत बसलेला आमदार पळून जाऊ शकत नाही, हा शोध आमच्या बोळातल्या गंगव्वाचा. हात भातानं भरलेले, दोन्ही बाजूंना पाहुणे, आणि ताक येईपर्यंत उठायची सोय नाही. म्हणून सोलापुरात कुणाचंही लग्न असो, आमदार जेवायला येणार असं कळलं की गंगव्वा भाताचं पातेलं घेऊन थेट त्यांच्या पानासमोर उभी राहायची. आमंत्रण असो वा नसो.

"यप्पा, गोळ्यांचं काय झालं?"

"कसल्या गोळ्या, आज्जी?" आमदारांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिनं पातेलं खाली ठेवलं आणि सगळी योजनाच सांगितली. साखर रेशनवर मिळते, रॉकेल मिळतं, मग म्हाताऱ्या माणसांची औषधं का नाहीत? डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची, कार्ड दाखवायचं, झेपेल तेवढे पैसे द्यायचे आणि गोळ्या घ्यायच्या.

"सरकारी डॉक्टर फुकट बघतो की. आन् औषध बाहेरनं आना म्हंतो. बाहेर काय झाडाला लागलंय व्हय?"

पंगत हसली. आमदार म्हणाले, "विचार करू."

"विचार नगं. कायदा कर."

गंगव्वाचा सगळ्यांशी एकेरी व्यवहार. घरात कानडी, बोळात मराठी, आणि राग आला की दोन्ही. मला मात्र 'मास्तर' म्हणून मान होता, कारण मी तिला पेपर वाचून दाखवायचो. विधानसभेला ती 'मोठी सभा' म्हणायची. "मोठ्या सभेत गोळ्यांचं निघालं का?" हा रोजचा सवाल. निघालेलं नसायचं. मग ती पेपरलाच शिव्या घालायची.

तिला काहीतरी मोठं दुखणं असणार, असं बोळातल्या सगळ्यांना वाटे. कुणी दमा म्हणे, कुणी साखरेचा आजार. ती स्वतः मात्र भरलेली घागर घेऊन माझ्यापेक्षा भरभर चालायची.

हळूहळू आमदारांनी तिची धास्तीच घेतली. एका लग्नात तर अक्षता पडताक्षणी ते जेवणाला हात जोडून निघून गेले. "उपाशी गेला बिचारा," गंगव्वा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि एका दुपारी त्यांचीच जीप बोळाच्या तोंडाशी आली. गंगव्वाला विश्रामगृहावर बोलावलं होतं. ती मला सोबत घेऊन गेली. तिथं खुर्ची नको म्हणून जमिनीवरच बसली.

"आज्जी, या अधिवेशनात मी ठराव मांडतोय," आमदार म्हणाले. "बोलताना एखादं खरं उदाहरण हवं. तुम्हाला दुखणं कसलं?"

"मला? मला काय धाड भरलीय!"

"मग एवढं सगळं कशासाठी?"

गंगव्वानं बसल्याजागी मांडी बदलली. मग म्हणाली, "आमचे मालक मिलमधी होते. त्यास्नी ब्लडप्रेशर. रिटायर झाल्यावर म्हनले, डॉक्टरनं आता रोज अर्धीच गोळी सांगितलीया. मला कुटं वाचता येतंय? रोज सकाळी मी अडकित्त्यानं गोळी कापायची. अर्धी आज, अर्धी उद्या. लई नीट कापायची, भुगासुदीक पडू द्यायची न्हाई."

बोलता बोलता तिची बोटं अडकित्ता धरल्यासारखी जुळली होती.

"ते गेल्यावर कंपाउंडर म्हनला, अव्वा, गोळी आख्खी होती की. रोजची."

समोरचा चहा आमदारांनी उठून, वाकून तिच्या हातात दिला.

ठराव त्यांनी मांडला. मंत्र्यांनी तिजोरीकडे बोट दाखवलं आणि गोष्ट तिथंच राहिली. तिच्या ओट्यावर बसून मी ती बातमी वाचली. आमदारांचं भाषण तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"अव्वा," मी न राहवून विचारलं, "मालकांचं तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

ती पदरानं ओट्यावरची धूळ झटकत राहिली.

"सांगून काय? आमदार म्हनला असता, ते तर गेले, आता गोळी कुनाला पायजे?"