सोललेले बोडे

आणे जाऊन नवे पैसे सुरू झाल्यापासून गुणवंतराव चिडलेलेच असत. वडशाच्या एका राईस मिलमध्ये ते कारकून. तिथला हिशेब जुळत नसे, आणि तो राग घरी येऊन निघे. त्या दिवशी मात्र रागाला घरातच कारण मिळालं. मुलगी चंदा हिला आपल्या मुलासाठी पाहायला सोमाजी येणार होते. आधीची स्थळं हातची गेली होती (सगळी गुणवंतरावांच्या तोंडामुळे, असं त्यांची बायको गुणाबाई म्हणे). आणि जेवणाला गुणाबाईनं ठेवले होते बोडे.

बोडे म्हणजे पावसाळ्यात जंगलात भुईतून निघणारी गोटीएवढी गोल अळंबी. ना दांडी, ना छत्री. वर टणक साल, आत पांढरा गर. गुणाबाईच्या भावानं कोरचीकडून टोपलीभर आणून दिले होते.

टोपलीत डोकावताच गुणवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाहुण्याले सालं चारून राह्यली काय?"

"साल हाच तं बोडा हाय," गुणाबाई म्हणाली. "दाताखाली करकर वाजाले पायजे."

"अंडं टरफलासंगं खातेस काऊन तू?"

गुणाबाई घागर घेऊन तरातरा विहिरीवर निघून गेली. गुणवंतराव चाकू घेऊन बसले. एकेक बोडा सोलताना त्यांना एकेक जण आठवत होता. मिलचा मॅनेजर, साळा, नवे पैसे काढणारं सरकार. (साळ्याच्या नावाचा बोडा तर अर्धा उडालाच.) सालं त्यांनी बकरीच्या घमेल्यात टाकली. बकरी चरायला गेली होती.

गुणाबाई परतली. तिनं सोललेले बोडे पाहिले आणि पदर खोचून चूल पेटवली. नवऱ्यानं घाबरायला हवं होतं ते इथंच. पण ते ताठ मानेनं सोमाजींना आणायला स्टेशनवर गेले.

जेवणं सुरू झाली. सोमाजींच्या दाताखाली करकर वाजलं.

"वा. सालीसालीचे बोडे पहिल्यांदाच खाल्ले. कोणं रांधले?"

"चंदानं," दाराआडून गुणाबाई म्हणाली.

"मंग पाहाचं काय राह्यलं? पोरगी पसंत हाय."

गुणवंतरावांनी आपल्या वाटीत पाहिलं. सोललेला गर शिजून झालेली करडी, गिळगिळीत पेज. सोमाजींच्या वाटीतली सालं बकरीच्या घमेल्यातून उचलली गेली होती, ते त्यांना कळलं. संतापानं त्यांच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या, तोंड उघडलं. मग हातची गेलेली स्थळं आठवली, आणि त्यांनी राग गिळला. पाठोपाठ पेजही.

"इवाई," सोमाजींनी विचारलं, "तुमच्या वाटीत साल काऊन नाई?"

"त्यायले साल चालत नाई," गुणाबाई म्हणाली. "सोताच्या हातानं सोलतेत."

"हो," गुणवंतराव दात आवळून म्हणाले, "मले असेच आवडतेत."

"बरं झालं सांगतलं," सोमाजी खूश झाले. "आता दर पावसाळ्यात आमच्या घरून तुमच्यासाठी सोलूनच धाडत जाईन."

आणि सोमाजी शब्दाचे पक्के निघाले.