विसरल्याचा दाखला

कुलुपं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लढण्याची पद्धत बदलायचं ठरवलं. तीस वर्षं तो लाथांच्या शैलीत तरबेज होता. आता उजवा गुडघा जिना चढतानाही कुरकुरायचा. डॉक्टरांनी बजावलं की लाथा बंद, पण स्टुलावर बसून राहिलात तर पाय कायमचा आखडेल. शेजारच्या गल्लीत एक संस्था संथ हालचालींची शैली शिकवत असे. तो तिथे अर्ज घेऊन गेला.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. नियम सात: आधीची शैली पूर्णपणे विसरल्याचा दाखला जोडावा. तो कोण देणार? अर्थात ज्याने शिकवलं तोच.

जुन्या गुरुजींना नवल वाटलं नाही. "शिकल्याचे खूप दिले, विसरल्याचा हा पहिलाच," ते म्हणाले. "पण खोटी सही मी करत नाही. परीक्षा होईल."

परीक्षा सोपी होती. महिन्याभरात केव्हाही पाच फटके येतील, पाचही न चुकवता खायचे. पहिला आला तेव्हा तो दुकानात किल्ली घासत होता. मान आपोआप खाली गेली आणि गुरुजींची छडी भिंतीवरच्या घड्याळाला लागली. नापास. मोजणी पुन्हा एकपासून.

मग बायकोने सराव घ्यायचं मनावर घेतलं. तो बेसावध दिसला की ती चप्पल फेकायची. आठ दिवस एकही लागली नाही. नवव्या दिवशी कानशिलावर बसली, आणि दोघांचेही डोळे पाणावले.

"जमतंय हो तुम्हाला," ती म्हणाली.

महिनाअखेर त्याने पाचही फटके व्यवस्थित खाल्ले. एक दात गेला. गुरुजींनी शिक्का मारला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

कारकुनाने दाखला शांतपणे वाचला आणि नियम अकरा काढला: पन्नाशीपुढच्या अर्जदारास पूर्वानुभव आवश्यक.

"तुम्हाला तर काहीच येत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच तसा दाखला जोडलाय."

महिन्यापूर्वी याच माणसाने खिडकीवर मूठ आपटली असती. आता त्याने कागद गोळा केले, "बरं साहेब" म्हणाला आणि आखडलेला पाय ओढत बाजूला झाला. रांगेतले आम्ही एकेक पाऊल पुढे सरकलो.

संस्थेला हे इतकं आवडलं की तिने गुरूंच्या परीक्षेची गरजच ठेवली नाही. नव्या परिपत्रकानुसार, असा प्रकार डोळ्यांसमोर घडूनही जो गप्प राहिला, तो लढणं विसरला आहे असं समजण्यात येईल. आम्हा सत्तावीस जणांना दाखले जागेवरच मिळाले.

मी चौकशी केली. ही हकीगत नुसती वाचून गप्प बसलेल्यांनाही परिपत्रक लागू आहे. येताना दोन फोटो आणा.